माझं दुःख आणि माझं काम

मी अभिनेत्री आहे, त्यामुळे रडण्याच्या सीनबद्दल लोक मला फार विचारतात. खरं पाणी होतं का, की ग्लिसरीन, आणि खरं होतं तर काय आठवून रडलात. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी आनंदाने देते, कधी हे कधी ते, टेक किती लांबला आणि डोळे किती कोरडे पडले त्यावर असतं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देत नाही, आणि ते का हे एकदा सविस्तर लिहायचं कधीपासून मनात होतं.

आधी काम कसं चालतं ते सांगते, कारण ते माहीत नसेल तर पुढचं पटणार नाही. पडद्यावर दोन मिनिटांत संपणारा सीन शूट करायला अर्धा दिवस जातो, कधी अख्खा दिवस. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतात तो वाइड शॉट, मग याच्या खांद्यावरून ती, तिच्या खांद्यावरून हा, मग एकेकाचा क्लोज, आणि प्रत्येक वेळी लाइट हलतात, लेन्स बदलते, मध्येच वरून विमान जातं आणि साउंडवाले हात वर करतात, की पुन्हा पहिल्यापासून. मास्टरमध्ये एका ठरावीक वाक्यावर डोळ्यातून पाणी आलं असेल तर चार तासांनी क्लोजमध्येही ते साधारण त्याच वाक्यावर यायला हवं, नाहीतर एडिटरला जोडता येत नाही. क्लोजमध्ये फोकस इतका कमी असतो की मान जराशी पुढे गेली की डोळे धूसर दिसतात, म्हणजे धाय मोकलून रडायचं ते पण मार्क, म्हणजे ठरलेली जागा, न सोडता. समोर जो बाप, नवरा, मुलगा म्हणून बघायचा तो कॅमेऱ्याला खेटून उभा असतो, आणि कधी कधी तिथे माणूसच नसतो, स्टँडला चिकटवलेला टेपचा तुकडा असतो. त्यात क्रम उलटा. लोकेशन आधी मिळालं म्हणून माणूस मरतो त्याचा सीन पहिल्या आठवड्यात होतो आणि त्याच्याशी पहिली भेट शेवटच्या आठवड्यात.

म्हणजे मनापासून रडता येणं ही फार तर सुरुवात झाली. ते परत परत, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या मापात करता यायला हवं, आणि नटांच्या सगळ्या पद्धती शेवटी याच अडचणीतून निघालेल्या आहेत असं मला वाटतं.

रशियन नट-दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने (१८६३ ते १९३८) यावर आयुष्य घालवलं. एका टप्प्यावर त्याला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबोची भावनिक स्मृतीची कल्पना भावली, की स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग त्याच्या वासासकट, उजेडासकट आठवायचा आणि ती भावना परत जागी करायची. हेच पुढे अमेरिकेत अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गने आपल्या शिकवण्याचा कणा केलं. पण स्वतः स्तानिस्लाव्हस्की मात्र पुढे सरकला होता. शेवटच्या वर्षांत तो कृतीवर भर देत होता, की पात्र या क्षणी हाताने, शरीराने नेमकं काय करतंय ते खरं करा, भावना तिच्या पायाने येईल. १९३४ मध्ये स्ट्रासबर्गबरोबर काम करणारी अमेरिकन अभिनेत्री स्टेला ॲडलर त्याला पॅरिसमध्ये भेटली, त्याच्याकडे शिकली आणि अमेरिकेत परत जाऊन तिने सांगितलं की आपण त्या आठवणींवर नको इतका जोर देतोय, कल्पनेवर आणि नाटकातल्या परिस्थितीवर द्यायला हवा. स्ट्रासबर्गने ते मानलं नाही. दोघांचे रस्ते वेगळे झाले आणि तो वाद आजही प्रत्येक वर्कशॉपमध्ये चालू आहे, फक्त नावं कुणी घेत नाही.

मी ॲडलरच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण पुस्तकी नाही.

माझे वडील गेले त्यानंतर काही काळाने माझ्याकडे एक भूमिका आली, ज्यात मुलीचा बाप हॉस्पिटलमध्ये वारतो. दिग्दर्शक अतिशय समंजस माणूस. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की तुला चालणार असेल तर तुझं जे आहे ते वापरून बघ. त्याचा हेतू चांगलाच होता. मी म्हटलं नाही, मला दुसरं काहीतरी लागेल. मग आम्ही दोघांनी बसून सीनमध्ये काम शोधलं. त्या मुलीला एक फॉर्म भरायचा आहे, मृताचं नाव, वय, तुमचं नातं, आणि पेन चालत नाहीये. बस एवढंच. मी सगळं लक्ष त्या पेनावर ठेवलं, झटकायचं, कागदाच्या कोपऱ्यात गिरगटायचं, मागे माणसं थांबलीत म्हणून ओशाळायचं, शेजारच्याकडे पेन मागायचं. पेन मागताना आवाज फुटेना. ती मुलगी न रडण्यासाठी धडपडत होती, फॉर्म आधी भरायचा होता ना तिला, आणि त्या धडपडीतूनच जे यायचं ते आलं. तो बाप मी पूर्ण कल्पनेने रचला होता, त्याची चालायची ढब, वर्तमानपत्राची घडी घालायची पद्धत, सगळं, आणि त्यातलं काहीही माझ्या वडिलांचं नव्हतं याची मी मुद्दाम काळजी घेतली होती.

का, तर आठवण एकदा वापरली की ती जशीच्या तशी परत मिळत नाही असं मला ठामपणे वाटतं. वडिलांचा शेवटचा दिवस मी प्रत्येक क्लोजला आठवला असता तर त्या दिवसाला लेन्सचा आकडा चिकटला असता, ‘छान होता, सेफ्टीसाठी अजून एक’ हे वाक्य चिकटलं असतं. पुढे घरी कधी वडील आठवले तर त्यांच्याबरोबर तो सेटही आला असता. ते मला नकोय. असे नट मला माहीत आहेत जे स्वतःच्या जखमेतूनच काम करतात आणि जीव टाकून करतात, त्यांचं काम बघून मी हादरले आहे, त्यांच्याबद्दल पूर्ण आदर. माझ्यापुरतं मी ठरवलंय.

आणि अश्रूंचं एवढं काय घेऊन बसलोय आपण हाही माझा एक प्रश्न आहे. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं शरीरावर उमटतं त्या खुणा, आठ सांगितलेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. आठांतला एक अश्रू! माणूस जागच्या जागी थिजतो, आवाज चिरतो, हात थरथरतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, हे सगळं आपल्याकडे इतक्या आधीपासून मांडून ठेवलेलं आहे आणि आपण मॉनिटरसमोर बसून गालावरून ओघळ आला का तेवढंच बघतो. त्या फॉर्मच्या सीनमध्ये प्रेक्षकांना जे लागलं ते पेन मागतानाचा फुटका आवाज होता, पाणी नंतर आलं. शिवाय अर्धं काम एडिटिंग करतं. चित्रपट दिग्दर्शक कुलेशोव्हने रशियात शंभरेक वर्षांपूर्वी हे दाखवलं होतं, नटाचा तोच निर्विकार चेहरा, शेजारी कधी सूपची वाटी जोडायची, कधी शवपेटी, आणि बघणाऱ्याला त्यात कधी भूक दिसते कधी शोक. नटाने हे समजून घेतलं तर तो चेहऱ्याशी झटापट कमी करेल.

उरलेलं अर्धं समोरचा नट देतो. त्या सीनमध्ये माझ्या क्लोजला माझा सहकलाकार, ज्याचे स्वतःचे शॉट कधीच संपले होते, मेकअप उतरवलेला, तो कॅमेऱ्याशेजारी उकिडवा बसून पूर्ण ताकदीने मला क्यू, म्हणजे त्याची वाक्यं, देत होता, एकही वाक्य त्याने नुसतं वाचलं नाही. नट कसा आहे हे मी त्यावरून ओळखते, कॅमेरा दुसऱ्यावर असताना तो काय करतो.

काही महिन्यांनी डबिंगला गेले तेव्हा माझा निर्णय मला आणखी पटला. बंद खोली, समोर स्क्रीन, सीनचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा, आणि हुंदके, श्वास, नाक ओढणं सगळं नव्याने भरायचं. मी तेच पेन मागवलं, तशीच पुढे वाकले, श्वास तसाच अडवला आणि आवाज आपोआप तिथे गेला. आठवणीवर अवलंबून असते तर वडिलांकडे परत जावं लागलं असतं, त्या हेडफोनमध्ये.

तरीही अशा दिवसांनंतर अंग ठणकतं, डोकं जड होतं, कल्पनेतलं असलं म्हणून शरीराला ते कमी पडत नाही. घरच्यांना आता ठाऊक आहे, आल्यावर कोणी काही विचारत नाही, मी आंघोळ करते आणि घरातलं साधं काहीतरी हातात घेते, कपड्यांच्या घड्या घालते किंवा लेकीचा अभ्यास घेते.

मग प्रमोशन आलं, आणि तिथे हाच विषय वेगळ्या वेषात. मुलाखतीत वडिलांचं सांगा, लोकांना भिडेल, असं मला सुचवलं गेलं. मी त्यालाही नाही म्हटलं. इथे एवढं लिहिलं ते मुद्दा कळावा म्हणून, याच्या पुढचं माझं आणि माझ्या आईचं आहे. नटाचं दुःख सिनेमाच्या जाहिरातीत घालायची ही जी सवय लागलीये तिचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात कामाबद्दल कोणी बोलतच नाही, त्या सहकलाकाराबद्दल नाही, कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरबद्दल तर नाहीच नाही.

जास्त काळजी वाटते ती नव्या मुलामुलींची. वीस-बावीस वर्षांची पोरं वर्कशॉपला येतात आणि पहिल्याच दिवशी अनोळखी वीस जणांसमोर त्यांना सांगितलं जातं, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगा, ती जगा. काही पोरं घरी जाऊन रात्रभर झोपत नाहीत, आणि शिकवणारा दुसऱ्या दिवशी पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो. तुमच्यावर असं आलं तर नाही म्हणा, त्यासाठी कारण द्यायची गरज नाही. आणि नाही म्हटल्यावर लगेच विचारा की या सीनमध्ये माझ्या हातात काय आहे, मला समोरच्याकडून काय हवंय आणि ते मिळण्यात आड काय येतंय. ज्याला शिकवता येतं तो या तीन प्रश्नांवर तुमच्याबरोबर तासभर बसेल.