फॉरमॅट मारण्यापूर्वी

घरचा कॉम्प्युटर वारंवार बंद पडू लागला की दुकानात बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: "फॉरमॅट मारून घ्या." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. बिघाडाचे कारण सांगू शकतील अशा सगळ्या नोंदी फॉरमॅटमुळे पुसल्या जातात आणि दोष विंडोजमध्ये नसून यंत्राच्या एखाद्या भागात असेल, तर तो जिथल्या तिथे राहतो.

माझी ताई लहान व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे घरून भरते. महिन्याच्या २० तारखेची मुदत तोंडावर आलेली असताना तिचा कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून आपोआप रीस्टार्ट होऊ लागला. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिले, काही दिवस बरे गेले आणि दुखणे परत आले.

अशा वेळी आधी कॉम्प्युटर नेमका कसा बंद पडतो ते पाहावे. कसलाही संदेश न येता, वायर उपटल्यासारखा तो विझत असेल, तर एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा), यूपीएसची बॅटरी किंवा प्रोसेसरचे तापणे यांच्यावर संशय घ्यावा. कूलरच्या पात्यांमागे साचलेला धुळीचा थर काढल्यानेही पुष्कळदा काम भागते. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद वाचून लोक घाईने एसएमपीएस बदलतात, पण कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद पडला एवढाच त्या नोंदीचा अर्थ असतो.

ताईच्या कॉम्प्युटरवर निळी स्क्रीन दिसत होती, म्हणजे धागा हाताशी होता. विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागातील आपोआप रीस्टार्ट होण्याचा पर्याय बंद केला, म्हणजे स्क्रीनवरचा कोड निवांत वाचता येतो. शिवाय बहुतेक वेळा विंडोजच्या फोल्डरातील 'मिनिडंप' या फोल्डरात प्रत्येक वेळच्या बिघाडाची नोंद असलेली फाइल साठलेली असते. एखादा ड्रायव्हर (यंत्राचा भाग विंडोजला जोडून देणारा प्रोग्राम) बिघडला असेल, तर सहसा त्या नोंदींत त्याच ड्रायव्हरच्या फाइलचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येते. इथे मात्र कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', तर कधी तिसरेच काही येत होते. कोड असे दर वेळी बदलू लागले की पहिला संशय रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीवर घ्यावा, असा माझा अनुभव आहे.

रॅमची खरी परीक्षा विंडोज सुरू होण्याआधीच घ्यावी लागते. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम घालून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू केला आणि चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती. या चाचणीत एक चूक निघाली तरी ती दुर्लक्षण्याजोगी नसते. ताईच्या डीडीआर४ रॅमचा ३२०० हा वेग एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारे सेटिंग) सुरू करून मिळवलेला होता. त्यासाठी नेहमीच्या १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट वापरले जातात आणि काही मदरबोर्डना ते पेलत नाही. म्हणून आधी एक्सएमपी बंद करून पाहिले, तरी चुका येतच राहिल्या. मग रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एका वेळी एकच लावली. एक पट्टी निर्दोष ठरली. दुसरी स्लॉट बदलूनही चुका दाखवत राहिली, त्यामुळे मदरबोर्डवरचा संशय फिटला. एका वेळी एकच बदल करण्याचे पथ्य इथे पाळावेच लागते, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कधीच कळत नाही.

फॉरमॅटची खरी चीड येते ती पुढच्या कारणाने. सदोष रॅम असताना विंडोज टाकले, तर डिस्कवर उतरणाऱ्या फायलीच बिघडलेल्या असू शकतात आणि त्याच अवस्थेत घेतलेला बॅकअपही भरवशाचा राहत नाही. म्हणून जुना बॅकअप कधीही पुसू नये, नवा त्याच्या शेजारी वेगळा ठेवावा.

सदोष पट्टी वॉरंटीत बदलून मिळाली. नव्या जोडीवर रात्रभर चाचणी झाल्यावरच विंडोज पुन्हा टाकले, कारण आधीचे विंडोज त्या सदोष पट्टीवरून उतरलेले होते. मधल्या काळात तयार झालेल्या हिशेबाच्या फायली ताईने पोर्टलवर भरलेल्या आकड्यांशी एकेक करून ताडून पाहिल्या.