रेम्ब्रांटचा यिर्मया: चेहरा झाला, आता दाढी

मागच्या वेळी नुसतं अंडरपेंटिंग (रंगाचा पहिला, खालचा थर) टाकलं होतं, आता चेहरा बराच पुढे सरकलाय म्हणून अपडेट. नवीन लोकांसाठी थोडक्यात, रेम्ब्रांटने 1630 मध्ये काढलेला, यरुशलेमच्या नाशावर शोक करत बसलेला यिर्मया (बायबलमधला संदेष्टा) मी कॉपी करतोय. ओरिजनल ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियममध्ये आहे, लाकडी पॅनलवर ऑइल, साइज साधारण 58 बाय 46 सेंटीमीटर, म्हणजे भिंत व्यापणारं चित्र अजिबात नाही. म्युझियमच्या साइटवर मोठ्या रिझोल्यूशनची इमेज फुकट मिळते, ती टॅबवर झूम करून बघत बघत काम चाललंय. मी एमडीएफच्या बोर्डवर जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तर) मारून त्याच साइजमध्ये करतोय.

गोष्ट माहीत नसेल तर, हा यिर्मया वर्षानुवर्षं बोंबलून सांगत होता की बाबेलचा राजा येणार, शहर जाणार, ऐका. कोणी ऐकलं नाहीच, उलट त्याला चिखलाच्या हौदात सोडलं, मग राजवाड्यातल्या एका कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाच्या) माणसाने दोरांनी वर ओढून काढलं (काखेत दोर रुतू नयेत म्हणून आधी जुन्या चिंध्या खाली सोडल्या, मला तो तपशील फार आवडतो). आणि शेवटी तो बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर आलाच, शहर जळालं. म्हणजे चित्रातला माणूस शंभर टक्के बरोबर ठरलाय आणि तरी बघा कसा बसलाय.

आता खरी गंमत. एवढं अख्खं शहर जळतंय आणि रेम्ब्रांटने ते डावीकडे मागे एका कोपऱ्यात ढकललंय, पातळ रंगात, अर्धवट. तिथे झूम केलं की डोळ्यांवर हात धरलेला एक माणूस दिसतो, तो यरुशलेमचा राजा सिद्कीया असं मानतात. बाबेलवाल्यांनी त्याच्या पोरांना त्याच्या डोळ्यांदेखत मारलं आणि मग त्याचेच डोळे काढले, इतकं भयंकर, आणि चित्रात तो बोटाच्या पेराएवढाही नाही. माझं स्पष्ट मत, कॉपी करताना आग जास्त भडक केली की चित्र मेलं. नेटवरच्या बऱ्याच कॉप्यांमध्ये आगीला असा काही नारंगी मारलाय की नजर तिकडेच जाते आणि म्हातारा कोपऱ्यात बसलेला वॉचमन वाटायला लागतो. मी आग यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि बर्न्ट अंबरमध्येच (गडद तपकिरी) ठेवलीये, वर थोडासा लाल, बास.

चेहऱ्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. कपाळावर उजेड आहे, रंग जाड आहे, सुरकुत्यांच्या दिशेनेच ब्रश फिरलाय. आणि डोळे, डोळे जवळजवळ काढलेलेच नाहीत हो! पापण्या खाली, नजर कुठेतरी खाली हरवलेली, डोकं डाव्या हातावर टेकलेलं आणि कोपर जाडजूड ग्रंथावर. मायकेलअँजेलोचा सिस्टिन चॅपलमधला यिर्मयाही असाच हात तोंडाशी धरून बसलाय, पण तो पैलवान आहे, हा थकलेला आजोबा. काढणारा तेव्हा 23-24 वर्षांचा, अजून लायडनमध्येच राहणारा पोरगा होता, हे आठवलं की ब्रश खाली ठेवून चहा प्यावासा वाटतो.

पांढरा कोणता वापरतोय असं विचारलं होतं कोणीतरी. रेम्ब्रांट लेड व्हाइट (शिशाचा पांढरा) वापरायचा, ते विषारी, मी टायटॅनियम व्हाइटवरच भागवतोय. टायटॅनियम जरा थंड आणि खडूसारखं दिसतं म्हणून त्यात टोकभर ऑकर घालतोय, कपाळाला तरी चाललं. सावल्या मात्र एकदम पातळ ठेवा, खालचा ब्राऊन दिसला पाहिजे, तिथे जाड रंग चढवला की सावली भिंतीसारखी बंद होते.

आता दाढी. ती नुसती ब्रशने केलेली नाही, ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने ओरखडे काढलेत आणि खालचा थर वर आलाय. झूम केल्यावर एकेक रेघ दिसते, वळण घेणारी, मध्येच सुटणारी, आणि दोन रेघा सारख्या नाहीत. वेगळ्या बोर्डवर ट्राय करतोय, फार ओला असला की रेघ परत भरून येते, फार सुकला की रंग खरवडला जाऊन कडा फाटतात.

उजवीकडची सोन्याची भांडी अजून शिल्लक आहेत. बाबेलच्या सरदाराने यिर्मयाला मोकळं करताना भेट दिली असं बायबलमध्ये आहे, म्हणून ती तीच असं काही जण म्हणतात, काही जण मंदिरातली वाचवलेली म्हणतात. मला दुसरं पटतं, भेट मिळालेली वस्तू माणूस अशी बाजूला टाकून बसत नाही. त्यावरचे हायलाइट शेवटी, जाड रंगात, एका फटक्यात मारायचा विचार आहे.

तोवर एक विचारायचंय, पावसाळी हवेत तुमच्याकडे लिनसीडमधला (जवसाच्या तेलातला) अंबरचा थर ओरखड्यांसाठी साधारण किती तासांनी बरोबर होतो? आणि ओरखड्याला ब्रशचं लाकडी टोक की बांबूची काडी?