हलवूनही चावी न भरणारं घड्याळ

आज दिवसभर टेबलावर एक जुनं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं घड्याळ होतं. हातात असेपर्यंत चालायचं, रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद. अशा घड्याळाला लगेच 'स्प्रिंग गेली' म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही.

आधी क्राऊनने (बाजूच्या चावीच्या बटणाने) तीस-चाळीस फेरे चावी द्या आणि घड्याळ न हलवता ठेवा. चाळीस तासांच्या आसपास चाललं तर स्प्रिंग ठीक, दोष ऑटोमॅटिकच्या भागात. दहा-बारा तासांतच थांबलं तर बॅरल, म्हणजे स्प्रिंग बसते ती डबी बघा: आतल्या भिंतीचं, स्प्रिंगला धरून ठेवणारं ब्रेकिंग ग्रीस वाळलं की स्प्रिंग पूर्ण भरण्याआधीच घसरते. (सिकोच्या ६३०९, ७००९ या यंत्रांना हाताने चावी बसत नाही, तिथे रॅचेट व्हीलचा, म्हणजे बॅरलवरच्या दातेरी चाकाचा स्क्रू फिरवून स्प्रिंग भरावी लागते.)

चावी देताना रोटर (हालचालीने फिरून चावी भरणारं वजन) गरगर फिरतो? मग रिव्हर्सिंग व्हील, म्हणजे रोटर कुठल्याही बाजूला फिरला तरी चावी एकाच दिशेने भरणारं चाक, अडकलंय. चावी देणं तिथेच थांबवा, नाहीतर दाते जातील. आजचा दोष नेमका हाच. भिंगाखाली पाहिलं तर तेल पिवळं, चिकट झालेलं, आतले चिमुकले खटके हलतच नव्हते. यावर तेलाचा थेंब सोडू नये, खटके आणखी चिकटतात. चाक स्वच्छ धुवायचं, ल्युबेटा व्ही-१०५ या खास वंगणात काही सेकंद बुडवायचं, पूर्ण वाळवायचं.

मागच्या झाकणावर आतून गोल चरा दिसला तर रोटरचं बेअरिंग किंवा आस झिजलाय. तो बदलायलाच हवा.