तुम्ही विचारलंत म्हणून: पळणाऱ्या मधुमेह्याची गोळी

इन्सुलिन घेणारा माणूस चढावर धापा टाकत पळतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "हृदयासाठी अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी गोळी, कोणती घेता?"

कोणतीच नाही. पूर्वी घ्यायचो. सी जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, रोज न चुकता.

तर्क पटण्यासारखाच होता. साखर चढलेली असली की पेशींत फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, जास्त तयार होतात, दमवणाऱ्या व्यायामाने त्यात भर पडते, मग गोळीने ते शमवावेत. पण चाचण्यांत हे टिकलं नाही. 'होप' नावाच्या मोठ्या वैद्यकीय चाचणीत साडेनऊ हजारांवर लोक होते, त्यात साडेतीन हजारांहून जास्त मधुमेही. रोज ४०० युनिट ई घेऊनही हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. हा निकाल २००० सालचा. पुढे आणखी काही वर्षं पाहिल्यावर ई घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट थोडं जास्तच दिसलं.

मला गप्प केलं ते मात्र २००९च्या एका छोट्या जर्मन प्रयोगाने. निरोगी तरुणांनी चार आठवडे व्यायाम केला. काहींना सी आणि ई, नेमके माझेच डोस. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला तो गोळ्या न घेणाऱ्यांचाच. व्यायामाचा तो ताण म्हणजे पेशींना मिळणारा निरोप असतो: स्वतःचं संरक्षण वाढवा. मी घाम गाळायचो आणि वर गोळी घेऊन तो निरोप पुसायचो, तेही पदरचे पैसे घालून!

आणि दंडावरचा, साखर सतत मोजणारा सेन्सर. एकदा पळताना हात थरथरायला लागले, घाम गार पडला. सेन्सर म्हणतोय १३८. बोट टोचून रक्त तपासलं तर ६१, म्हणजे साखर खूपच उतरलेली. काही सेन्सर सी जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने साखर खोटी जास्त दाखवतात. माझ्या सेन्सरच्या माहितीपत्रकात तसं छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, एवढंच.

डॉक्टरांनी कमतरता बघून दिलेलं जीवनसत्त्व वेगळं, ते चालू ठेवा.

हृदयाचं म्हणाल, तर वेग वाढवण्याआधी मी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करवून हृदयाची तपासणी, करून घेतली. छातीत दुखत नाही यावर आम्ही मधुमेह्यांनी विसंबू नये. नसा बोथट झालेल्या असल्या की त्रास असूनही कळत नाही. जोरात पळून आल्यावर साखर आधी वर जाते, म्हणून लगेच इन्सुलिन वाढवत नाही. ती घसरते रात्री. पळालेल्या दिवशी झोपण्यापूर्वी तपासतो, आणि पहाटे तीनचा गजर लावतो.