पेरिक्लिस गेम, टर्न 151: झांझिबार गेलं आन परत आलं

परभणीत मे महिना, दुपारी कूलर लावूनबी लॅपटॉप तापायलाय, त्यामुळं खेळ रात्री 10 नंतरच, म्हणून ह्या लॉगला उशीर झाला. गेम म्हंजे सिव्हिलायझेशन 6, पाळीपाळीनं (टर्ननं) साम्राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम; माझा देश ग्रीस, राजा पेरिक्लिस, जिंकायचं ते कल्चर व्हिक्टरीनं, म्हंजे संस्कृतीच्या जोरावर. एकही सिटी-स्टेट (एका शहराचं छोटं स्वतंत्र राज्य) तलवारीनं घ्यायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, पेरिक्लिसला ते परवडतबी नाही, कारण जेवढ्या सिटी-स्टेटचे आपण सुझरेन (म्हंजे वरचढ पाठीराखे) तेवढ्यांचं प्रत्येकी 5% कल्चर जास्तीचं मिळतंय.

माती खाल्ली ती पहिल्या 70 टर्नात. स्काउट लवकर सोडले, दोन ठिकाणी सगळ्यात आधी पोचलो तर एकेक एन्व्हॉय (सिटी-स्टेटकडं पाठवायचा दूत) फुकट भेटला, मग जसजसे मिळत गेले तसतसे सगळ्यांना एकेक वाटत सुटलो, लग्नाच्या पत्रिका वाटल्यागत. एकाला राजधानीत जरासं काहीतरी पडतंय, खरा माल 3 आन 6 ला, आन सुझरेन व्हायला कमीत कमी 3 पाहिजेत, वरून ते बाकी सगळ्यांपेक्षा जास्त पाहिजेत. क्लासिकल रिपब्लिक ह्या सरकारात टर्नला 3 इन्फ्लुएन्स पॉइंट, चॅरिस्मॅटिक लीडर हे धोरणाचं कार्ड लावलं की 5, आन एन्व्हॉय मिळतो 100 ला, म्हंजे 20 टर्नाला एक! एवढी महागाची चीज मी खिरापतीसारखी वाटली. आणखी वाईट म्हंजे डिप्लोमॅटिक लीगचं कार्ड, त्यानं आपण पाठवलेला पहिला एन्व्हॉय दोन मोजला जातो, पण माझे पहिले सगळे आधीच जाऊन बसलेले. ते कार्ड ज्यानं मिळतं ती पॉलिटिकल फिलॉसॉफी होईस्तोवर दोन-तीन हातात धरून बसायला पाहिजे होतं.

आमचे नाना (चुलते, गावात दोन टर्म ग्रामपंचायत सदस्य) मागं खाटेवर बसून बघायलते, म्हणले, "आरं एकेक कप चहावर कुठं अपक्ष फुटतेत का, दोघं पक्के धर की." मी म्हणलो नाना हे गेम आहे. पण तेच खरं निघालं.

झांझिबार ह्या सिटी-स्टेटला माझे 4 एन्व्हॉय, माझा प्रतिस्पर्धी सुमेरच्या गिल्गमेशचे 3. झांझिबार म्हंजे दालचिनी आन लवंग, दोन्ही दुसरीकडं कुठंच मिळत नाहीत, प्रत्येकी 6 अमेनिटी (लोकांना खूश ठेवणाऱ्या सोयी), म्हंजे सहा शहरांना दोन-दोन. त्यांचा क्वेस्ट (सांगितलेलं काम, केलं की एन्व्हॉय मिळतो) होता फक्त एक ट्रेड रूट पाठवायचा, पण मी सोन्याच्या लोभानं काफिला दुसरीकडं लावला. तेवढ्यात लाइट गेली, बॅटरी संपत आलेली, घाईघाईत नेक्स्ट टर्न नेक्स्ट टर्न दाबत गेलो आन गिल्गमेश 5 वर गेल्याची सूचना बघितलीच नाही. सकाळी उघडून बघतो तर सहाच्या सहा शहरं नाराज, कुठं वाढ थांबलेली.

परत आणायला अमानीला तिकडं बसवलं, गव्हर्नर म्हणून ती दोन एन्व्हॉयची गणली जाते, पण बस्तान बसायला 5 टर्न गेले, ते 5 टर्न लई जड गेले राव. 4 आन 2, सहा. वर दुसऱ्या शहरात टेकडीवर ॲक्रोपोलिस (ग्रीसचा खास कल्चरचा भाग) पूर्ण झालं, त्याचा एक एन्व्हॉय लगेच तिकडंच. सात विरुद्ध पाच. ॲक्रोपोलिस कल्चरसाठी बांधतेत सगळे, मी आता एन्व्हॉयसाठी वेळ बघून संपवायलो.

सध्याचा हिशोब: झांझिबार माझं, जिनिव्हा माझं (कुणाशी युद्ध नसलं की 15% सायन्स, म्हणून सुमेरच्या शिव्या गपगुमान खायलो), हट्टुसात माझे एन्व्हॉय 2 च. काबूल गिल्गमेशच्या खिशात, आन त्याला सिटी-स्टेटचं लष्कर अर्ध्या पैशात भाड्यानं मिळतंय, तेच लष्कर आता माझ्या उत्तरेच्या शहराजवळ येऊन थांबलंय.

आता अडचण अशी की अमानी हलवली तर झांझिबारला 5 विरुद्ध 5, म्हंजे सुझरेन कुणीच नाही. पण काबूल गिल्गमेशच्या हातून काढायला ती तिकडं लागतीये. पुढचा एन्व्हॉय यायला 9 टर्न. तोवर थांबू का झांझिबारवर जुगार लावू, तुम्ही काय केलं असतं सांगा.