ओटीच्या दारातून परत

सकाळी 9:10 ला काकूंना ट्रॉलीवर घेऊन ओटीकडे, म्हणजे ऑपरेशन थिएटरकडे, नेलं आणि 11 वाजता त्याच ट्रॉलीवरून वॉर्डात परत आणलं. डोक्याला कुणी हातही लावला नव्हता. न्यूरोसर्जरीत केस रद्द होणं नवं नाही. पण त्या जवळजवळ दोन तासांत काकूंना काय सांगितलं गेलं आणि नंतर वॉर्डातली सिस्टर म्हणून मी काय सांगितलं, ते अजून मनातून जात नाही.

काकू 54 वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या. चक्कर येते म्हणून एमआरआय झाला. त्यात उजव्या बाजूच्या मधल्या मेंदूधमनीवर, जिथे तिला दोन फांद्या फुटतात तिथे, साडेसात मिलिमीटरचा फुगा दिसला. अशा फाट्यावर रक्ताचा मारा सतत एकाच जागी बसतो, धमनीची भिंत पातळ होते आणि बाहेर फुगते. या फुग्याची मान, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो ती जागा, रुंद होती. मांडीच्या धमनीतून तार नेऊन आत कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरली असती तरी ती नीट टिकली नसती, म्हणून कवटी उघडून फुग्याच्या मानेवर टायटॅनियमची क्लिप लावायचं ठरलं. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी, भूलतज्ज्ञांची फिटनेस आणि ओटीची तारीख हे सगळं जुळायला 19 दिवस लागले. हे 19 दिवस कुणाच्याच कामाच्या यादीत नसतात. ऑपरेशननंतर तासातासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघणारे आम्ही, आधीच्या दिवसांसाठी रुग्णाच्या हातात एक तारीख देतो आणि घरी पाठवतो.

काकूंना फुगा पहिल्यांदा ज्या डॉक्टरांनी दाखवला, त्यांनी "डोक्यात टाइम बॉम्ब आहे" असं सांगितलं होतं. हा शब्द मी आजवर अनेक रुग्णांच्या तोंडून ऐकलाय आणि दर वेळी संताप येतो. टाइम बॉम्ब ठरल्या वेळी फुटतोच. बहुतेक फुगे कधीच फुटत नाहीत, साधारण शंभरातल्या तीन प्रौढांच्या डोक्यात असा फुगा असतो आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, मेंदूच्या पुढच्या रक्ताभिसरणातले 7 ते 12 मिलिमीटरचे न फुटलेले फुगे पाच वर्षांत शंभरात 2.6 इतके फुटले. मी कागदावर भागाकार करून दाखवला: त्या हिशेबाने 19 दिवसांत दहा हजारांत साधारण तीन. हा सरासरीचा आकडा आहे, एकट्या काकूंचा नाही, हेही सांगितलं. तो कागद त्यांनी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

पहिल्या भेटीत त्यांच्या हातात बीपीची वही होती. एका दिवसात 31 नोंदी. सगळ्यात कमी 132/84, सगळ्यात जास्त 168/94, आणि रात्री दोननंतरच्याच सहा. मुलाने हौसेने घरी मशीन आणून दिलं होतं. अशा वेळी मशीनच घाबरवायला लागतं: आकडा वाढलेला दिसला की छाती धडधडते, पुन्हा पट्टा बांधला की आकडा आणखी वाढतो. शिवाय पट्टा ब्लाऊजच्या बाहीवरून, हात खाली लोंबता, आणि सून शेजारी बसून विचारतेय, "किती आला?"

मग वहीला नियम घालून दिले. दिवसात दोनच वेळा, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी. आधी लघवीला जाऊन यायचं. खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला. एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी, मध्ये बोलायचं नाही. मग मशीन कपाटात, आणि किल्ली काकांकडे. वरचा आकडा विश्रांतीनंतरही 180 च्या वर राहिला तर वॉर्डात फोन करायचा, एरवी आकड्यावरून काहीही ठरवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला: झोप नाही, हात थरथरतात, भांडी आपटते, भीतीने वेडी होईल. आवाजावरून काहीतरी वेगळं वाटलं म्हणून काकूंनाच फोनवर घेतलं आणि विचारलं, "काकू, मशेरी लावता का?" बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तीस वर्षं, दिवसातून चार वेळा. निदान कळल्या दिवशी कुणालाही न सांगता बंद केली होती. बंद केली हे फार चांगलं झालं, निकोटिनने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात. पण सुटल्यावर पहिले तीन-चार दिवस जो अस्वस्थपणा येतो तो भीतीसारखाच दिसतो. हे तलफेचं आहे, उतरतं, असं कळल्यावर त्या फोनवर रडल्या आणि मग म्हणाल्या, "मग हे फुग्याचं न्हाई व्हय?" मशेरीचा प्रश्न आमच्या केसपेपरवर नाहीच. 'स्मोकिंग: नाही' असं लिहून पुढे जातात.

दुसरी गोष्ट काळजीची वेळ. काळजी करू नका हे वाक्य मी वापरत नाही, त्याचा उपयोग होताना पाहिला नाही. त्याऐवजी संध्याकाळी चार ते चार-वीस ही वेळ काळजीसाठीच ठेवायची. मनात येईल ते वहीच्या मागच्या पानावर प्रश्न म्हणून लिहायचं. रात्री काही आठवलं तर "उद्या चारला" म्हणून एक शब्द टिपायचा आणि कूस बदलायची. काकूंचे 17 प्रश्न झाले. केस किती कापणार? (कपाळाच्या वरपासून कानापुढपर्यंत एक पट्टी.) अंबाडा घालता येईल का? भुलीतून उठलेच नाही तर? क्लिप गंजते का? ऑपरेशनच्या धोक्याचे प्रश्न मी सर्जनकडे पाठवले, ते त्यांनीच सांगायला हवेत आणि सांगितले. बाकीच्यांची उत्तरं वहीतच लिहून दिली.

धडधड सुरू झाली की चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. आकडे मोजून त्यांना धाप लागायची, म्हणून वाल सोलताना करायला सांगितलं: एक वाल सोलेपर्यंत बाहेर. ते जमलं. शौचाला कुंथायचं नाही म्हणून रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने नाही, त्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. आणि घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ करायला लावलं ते एवढंच: आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात उसळली, उलटी, मान ताठ, एका डोळ्याची पापणी खाली लोंबली, दोन-दोन दिसायला लागलं, फिट किंवा शुद्ध गेली, तर 108 ला फोन. यातलं काही नसेल तर रोजचं काम. ही यादी दिल्यावर माणूस जास्त घाबरेल असं नातेवाइकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. कशाला घाबरायचं हे ठरलं की बाकीच्या गोष्टी सुटतात.

विसाव्या दिवशी यादीत त्या दुसऱ्या होत्या. बीपीची ॲम्लोडिपिनची गोळी घोटभर पाण्याबरोबर दिली. हातातल्या हिरव्या बांगड्या वाढवल्या नाहीत, साबणाचा फेस करून एकेक सोडवल्या, जोडवीही तशीच. डायथर्मीने (विजेवर चालणाऱ्या, रक्तस्राव थांबवणाऱ्या उपकरणाने) धातूखाली भाजू शकतं आणि सुईच्या हाताला सूज येते, हे आदल्या दिवशीच सांगितलं होतं. मंगळसूत्र काकूंनी स्वतः काढून काकांच्या रुमालात बांधलं. रात्री बारापासून पोटात काही नव्हतं. जेवण सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी बंद, एवढं खरं तर पुरतं. पण वॉर्डाच्या फळ्यावर सगळ्यांसाठी एकच ओळ असते, आणि तहानेने डोकं दुखलं की रुग्णाला वाटतं फुगा फुटला.

साडेनऊला अपघात विभागातून फुटलेल्या फुग्याचा रुग्ण आला, 38 वर्षांचा. फुटलेला फुगा पहिल्या 24 तासांत पुन्हा फुटण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि दुसऱ्यांदा फुटलं तर माणूस बहुधा हातचा जातो. त्याला आधी घेणं बरोबरच होतं. काकूंची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये भिंतीला लावली. त्यांच्या पायाजवळून त्याला नेलं. त्याची बायको मागे धावत होती. कुणी काकूंना एक शब्द सांगितला नाही. तासाभराने एका रेसिडेंट डॉक्टरने येऊन सांगितलं, "मशीन बंद पडलंय, आज होणार नाही." तोही रात्रभर जागा होता, दुष्टपणा नव्हता. पण खोटं होतं.

वॉर्डात बीपी 182/98. पाणी दिलं, मग चहा-बिस्किट. इनचार्जकडून परवाची पहिली केस म्हणून लिहून घेतलं, तेव्हाच काकूंना तारीख सांगितली. त्यांनी विचारलं, "सिस्टर, त्या पोराचं फुटलं होतं ना?"

मी हो म्हटलं. मशीन चालू आहे, तुमची जागा त्याला दिली, हेही सांगितलं. काका माझ्याकडे असे बघत राहिले की मला नजर वळवावी लागली. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं आणि बोटं चिमटीत हलवायला लागल्या, वाल सोलल्यासारखी. चाळीस मिनिटांनी बीपी 148/86. खरं सांगितल्यामुळे उतरलं की चहामुळे की नुसतं उतरायचंच होतं, ते मला ठरवता येत नाही. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत, हेही खरं आहे.

ठरलेल्या दिवशी क्लिप बसली. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा सुजून मिटला, चावताना जबडा दुखला. दोन्ही आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरल्या नाहीत. दहाव्या दिवशी टाके काढायला आल्या तेव्हा वही बरोबर होती. मागच्या पानावर अठरावा प्रश्न होता: त्या पोराचं काय झालं?

श्वासाची नळी काढलीय, डोळे उघडतो, डावा हात अजून हलत नाही, असं सांगितलं. त्यांनी पिशवीतून पेन काढलं आणि प्रश्नाखाली तसंच्या तसं लिहून घेतलं.