अण्णांच्या पीसीतल्या १,३१२ चुका

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, पत्रिका-बित्रिका मानत नाहीत. आमच्या लग्नात गुणमेलनाचा विषय निघाला तेव्हा "त्यापेक्षा रक्तगट बघा" म्हणून त्यांनी तो जागच्या जागी मिटवला होता. अशा माणसाने दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मला हाक मारून अगदी गंभीरपणे सांगितलं, "अगं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये तेराशे बारा एरर आहेत. तुझं कार्ड आण जरा."

स्क्रीनवर कॉम्प्युटरची साफसफाई करून देणारं एक 'क्लीनर' सॉफ्टवेअर. गाडीच्या स्पीडोमीटरसारखी तबकडी, काटा लाल भागात. खाली १,३१२ हा आकडा आणि त्याखाली हिरवंगार बटण, 'फिक्स ऑल'. तपासणी फुकट, दुरुस्तीला पैसे. साडेसाती आहे हे फुकटात सांगायचं आणि शांतीची दक्षिणा आगाऊ घ्यायची, तसलाच प्रकार. पण हे मी तेव्हा बोलले नाही, कारण अण्णा खरंच वैतागलेले होते.

वैतागायला कारणही होतं. पीसी २०१६ साली असेंबल करून घेतलेला. सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. अण्णा आमच्या सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे मेंटेनन्सच्या पावत्या, सिंकिंग फंड, एजीएमच्या (वार्षिक सभेच्या) नोटिसा सगळं त्याच्यात. काही महिन्यांपासून एक्सेल उघडलं की पांढरं पडायचं आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. माउसचा बाण फिरायचा, पण क्लिक लागायची नाही. मधूनच निळा स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन केला, तर त्याने पीसी न बघताच "फॉरमॅट मारून देतो ताई" असं सांगितलं. त्याचं सगळ्यांना हेच उत्तर असतं.

मी एका सीएच्या ऑफिसात काम करते. कुठलाही आकडा दिसला की तो कशाकशाची बेरीज आहे, हे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून कार्ड आणण्याऐवजी खुर्ची ओढली आणि 'डिटेल्स'वर क्लिक केलं. नऊशेहून जास्त 'एरर' म्हणजे ब्राउझरच्या कुकीज, वेबसाइट्स आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या छोट्या नोंदी. त्याखालोखाल टेम्पररी फाइल्स. उरलेल्या रजिस्ट्रीतल्या नोंदी. त्यातली एक लाल रंगात, 'हाय रिस्क' म्हणून. काय होती? आम्ही केव्हाच भंगारात दिलेल्या प्रिंटरच्या स्कॅनर सॉफ्टवेअरचा पत्ता. ते सॉफ्टवेअर आता तिथे नाही, एवढाच त्या नोंदीचा गुन्हा.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची नोंदवही. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, कुठली फाइल कशात उघडायची, सगळं त्यात लिहिलेलं असतं. नोंदी लाखांच्या घरात. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात हे खरं, पण विंडोज दरवेळी वही पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. हवी ती नोंद थेट काढतं. त्यामुळे हजारभर मेलेल्या नोंदी खोडल्या तरी वेग वाढत नाही, आणि चुकून एखादी जिवंत नोंद खोडली गेली तर एखादा प्रोग्रॅम बंद पडतो. खुद्द मायक्रोसॉफ्टची भूमिका अशी आहे की रजिस्ट्री क्लीनर वापरायला आमचा पाठिंबा नाही, आणि त्यातून काही बिघडलं तर विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं.

"मग हे लोक खोटं बोलतात?" अण्णा.

"नोंदी आहेत हो अण्णा. त्यांचा आणि तुमचं एक्सेल अडकण्याचा संबंध नाही, एवढंच."

सगळेच इतके सभ्य नसतात. अमेरिकेत ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत 'पीसी हेल्थ चेक' करून मिळायचं. सुरुवातीला चार प्रश्न असायचे: कॉम्प्युटर हळू चालतो का, सारखा बंद पडतो का, असे. एकावरही टिक केली, की स्कॅनमध्ये काहीही सापडो वा न सापडो, मालवेअरची, म्हणजे व्हायरससारख्या घातक सॉफ्टवेअरची, लक्षणं आहेत असा निकाल यायचा, असा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप होता. मार्च २०१९ मध्ये तडजोड झाली. ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर भरले, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या पीसी-दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सायप्रसच्या कंपन्यांवर अशीच वेळ आली, २ कोटी ६० लाख डॉलरची. आणि ज्याचं नाव आपल्याकडे प्रत्येक भाचा-पुतण्या सुचवतो त्या सीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरमध्ये २०१७ साली हल्लेखोरांनी परस्पर मालवेअर घुसवलं होतं. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार कॉम्प्युटरवर पोचली होती. तो सापळा सीक्लीनरने लावला नव्हता, पण साफसफाईच्या नावाखाली आपण कुणाच्या हातात किल्ल्या देतो हे त्यावरून कळतं.

असो. मुद्दा पीसीचा.

कॉम्प्युटरचा कुठला भाग किती गुंतलाय हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि अण्णांना पावत्यांची फाइल उघडायला सांगितली. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के. यात विशेष नाही, हार्ड डिस्कवर विंडोज १० असं करतंच. विशेष हे, की डिस्क १०० टक्के गुंतलेली असताना वाचनाचा वेग सेकंदाला काही केबी एवढाच होता. म्हणजे डिस्क जीव तोडून काम करतेय आणि हाती काही लागत नाही.

मग स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची डायरी), विंडोज लॉग्ज, सिस्टीम. तिथे लाल खुणांची रांग. सोर्स 'डिस्क', इव्हेंट आयडी ७, आणि मजकूर एकच: हार्ड डिस्कवर बॅड ब्लॉक, म्हणजे खराब झालेली जागा, आहे. इथे अण्णांनी मला चकित केलं. टेबलाच्या खणातून त्यांनी आपली डायरी काढली. दूधवाल्याच्या खाड्यांच्या पानामागे त्यांनी लिहून ठेवलं होतं: 'हँग, सकाळी १०.४०', 'हँग, दु. ४.१५', 'निळा स्क्रीन, पावत्या करताना'. आम्ही दोघांनी डायरी आणि लॉग शेजारी ठेवून वेळा ताडून पाहिल्या. एक-दोन मिनिटांच्या फरकाने जुळत होत्या. जे त्या सॉफ्टवेअरच्या १,३१२ मध्ये एकदाही आलं नव्हतं, ते विंडोजने स्वतः लिहून ठेवलं होतं आणि खजिनदारांनी दुधाच्या हिशेबाच्या मागे.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते काही दुरुस्त करत नाही, फक्त डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं. त्यात निळ्याऐवजी पिवळा ठोकळा आला, 'कॉशन'. सी-५ या ओळीत शून्य असायला हवं, तिथे शून्य नव्हतं. सी-५ म्हणजे वाचता न येणारे आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. डिस्क असा सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते. त्यात सेकंदामागून सेकंद जातात आणि तोवर एक्सेलही थांबतं, विंडोजही थांबतं, अण्णाही थांबतात.

आता एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण यूट्यूबवर बरेच जण नेमकं उलटं सांगतात. डिस्क अशी निघाली तर लगेच चेकडिस्क चालवायला बसू नका. 'सीएचकेडीएसके स्लॅश आर' अख्खी डिस्क सेक्टर-सेक्टर करून वाचते, तासन् तास. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो. आधी डेटा बाहेर काढा, आणि तोही महत्त्वाच्या क्रमाने. आम्ही सोसायटीचं फोल्डर पहिलं काढलं, मग श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधली परिपत्रकं, मग फोटो. गणपतीपुळ्याचे काही फोटो अडकले ते अडकलेच.

पुढचं काम सरळ होतं. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, आणली, रॅम ८ जीबी केली, विंडोज नव्याने टाकलं. जुनी डिस्क क्लोन करायच्या, म्हणजे जशीच्या तशी उतरवायच्या, फंदात पडलो नाही, नाहीतर नासलेल्या फाइल्सही नव्या घरात आल्या असत्या. लायसन्स मदरबोर्डच्या नावावर नोंदलेलं असल्याने ते आपोआप लागू झालं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. एसएसडीत फिरायला काही नाहीच. तिथे तेच वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. या फरकापुढे कुठल्याही क्लीनरचं काही चालत नाही.

सॉफ्टवेअरने दुरुस्ती होतच नाही असं मात्र नाही. बदलापूरला माझ्या जाऊबाईंच्या लॅपटॉपवर अपडेट चालू असताना लाइट गेली आणि नंतर स्टार्ट मेनूच उघडेना. डिस्क ठणठणीत होती, विंडोजच्या फाइल्स बिघडल्या होत्या. तिथे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डीआयएसएमची रिस्टोअर हेल्थ कमांड चालवली, मग 'एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ'. पहिली विंडोजचा मूळ साठा नीट करते, दुसरी त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइल्स बदलते. दोन्ही विंडोजमध्येच असतात, फुकट. त्यांना तबकडी नाही, काटा नाही, काळ्या खिडकीत टक्के सरकतात. त्यामुळेच बहुतेक कुणाचा विश्वास बसत नसावा.

आमच्या पीसीवर आता एकच प्रश्न उरलाय. सहाव्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून वाढीव सुरक्षा अपडेट्सना नाव नोंदवलंय, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतील. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकावी असं माझं मत. अण्णांचं मत, आधी एजीएम होऊ दे.